जावई घरात, चूल दारात

जो मोजायला येतो, त्याच्यासमोर घर जसे आहे तसे राहते का? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. शाळेत असते तर हा प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून, त्याखाली रेघ ओढून मी पुढे गेले असते. निवृत्तीनंतर फळा गेला; रेघ ओढण्याची सवय तेवढी राहिली.

यंदाची थंडी पुन्हा उतरली, म्हणून हा प्रश्न पुन्हा वर आला. कोलकात्याच्या या डमडम भागात थंडी वाऱ्याबरोबर येते असे म्हणतात. मला मात्र ती जमिनीतून वर येते असे वाटते. ऊन कलले की गल्ल्यांतला धूर उठतो, आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत चढतो आणि तिथेच थबकतो. कारण साधे आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा लवकर गार होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धुराला वर जायला वाट राहत नाही. दुधावर साय धरावी तसा तो गल्लीवर धरतो. त्यात कोळशाचा वास असतो, जाळलेल्या पानांचा असतो, मोहरीच्या तेलाचा असतो, आणि मिठाईवाल्याच्या दारावरून गेले की खजुराच्या ताज्या गुळाचा, इथल्या लाडक्या नोलेन गुडाचाही असतो. थंडी अजून पुरती पडलेली नसते, तरी शेजारचे सगळे बाप्ये माकडटोप्या चढवून बाजाराला निघतात. आमचे यजमान बँकेच्या बदलीने इथे आले तेव्हा या टोपीला हसायचे. आता त्यांच्या दोन आहेत.

गॅलरीतून रेल्वेच्या कुंपणाला टेकलेली झोपड्यांची बस्ती दिसते. पूर्वी संध्याकाळी तिच्यात दारोदार धूर दिसे. हल्ली तो गल्लीच्या टोकाला, एका पत्र्याच्या छपराखालून, एकाच जागेवरून निघतो. रोज संध्याकाळी मी तिकडे पाहते आणि मला काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आठवतो.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी तनिमा आमच्या घरी आली. ती माझी विद्यार्थिनी. उत्तर आले तरी हात खाली न करणाऱ्या काही मुली असतात. उत्तर कळल्यावर त्यांना विचारायचे असते की हे कशावरून. तनिमा त्यातली. आता ती लहान मुलांची डॉक्टर झाली होती, आणि बस्तीतल्या मुलांची छाती हिवाळ्यात का बिघडते, घरातल्या धुराचा त्यात किती वाटा आहे, याचा अभ्यास करणाऱ्या एका गटात काम करत होती. पिशवीभर संत्री टेबलावर ठेवून ती म्हणाली की तिला मधे बसणारे माणूस हवे आहे. डॉक्टरांची भाषा गल्लीला कळेल अशी करणारे, आणि गल्लीचे म्हणणे डॉक्टरांना ऐकू जाईल असे करणारे.

मी म्हटले, मी मराठी बाई, मधे बसायला बंगाली कोणी शोध. ती म्हणाली, "दिदिमणी, तुम्ही जन्मलात इथे, शिकवलंत इथे, आणि अजून मराठीच का?"

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत फोर्ट विल्यमच्या बाजूला एका कचेरीत आले आणि परत जायचे राहून गेले. मी आकडेमोड अजून मराठीत करते, आणि रिक्षावाल्याशी घासाघीस बंगालीत. मधे बसायला एवढी पात्रता पुरते, असे यजमानांनी परस्पर ठरवून टाकले.

गल्लीत मला आधीपासून ओळखणारी एक होती, शेफाली. तिचा नवरा डमडम स्टेशनच्या जिन्याखाली घुगनी विकतो. घुगनी म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची झणझणीत उसळ. ती शेफाली घरी शिजवते, आणि वाटाणा मऊ व्हायला चूल तासन्‌तास जळावी लागते. गॅसची टाकी तिच्याकडे होती, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. वाटाण्याला ती परवडत नसे. चूल म्हणजे आतून माती लिंपलेली पत्र्याची बादली, कडी असलेली. ती दारात पेटवायची, कोळशाच्या भुकटीचे गोळे लाल झाले की कडीला धरून आत न्यायची. बंगालमधल्या अशा गल्ल्यांत चूल घरापेक्षा जास्त फिरते. हिवाळ्यात मात्र ती लवकर आत जाते, कारण तिच्याभोवती बसले की ऊब मिळते.

त्या उबेत शेफालीची मुलगी माम्पी अभ्यासाला बसे. पहिलीतली पोर, डोळे मोठे, आवाज बारीक. पावसाळ्यात ती ठीक असे. थंडी पडली की तिच्या छातीत शिट्टी वाजू लागे. दुकानातून आणलेले खोकल्याचे औषध, गरम मोहरीच्या तेलात लसूण, पीरबाबाचा ताईत, सगळे करून झाले होते. हे कशामुळे होते, एवढे कोणी नक्की सांगावे, एवढीच शेफालीची मागणी होती.

पहिली बैठक मोहल्ल्याच्या क्लबात झाली, कॅरमचा बोर्ड भिंतीला उभा करून. मी अभ्यासाची माहिती वाचून दाखवली: घराघरात आळीपाळीने हवा मोजणारी पेटी ठेवायची, मुलांनी एका नळीत फुंकायचे, काही दुखणार नाही, नको वाटले तर केव्हाही नाही म्हणायचे. बायका ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर जुना कंटाळा होता. त्यांना मोजायला येणारे नवे नव्हते. त्यांच्या मुलांची वजने झाली होती, बोटांना सुया टोचल्या होत्या, घरात माणसे किती आणि संडास कुठे हे पुन्हा पुन्हा विचारून झाले होते. शेफालीच्या समोरच्या घरातली मिनती, वयाने मोठी आणि जिभेने त्याहून मोठी, म्हणाली, "आमच्या पोरांची वजनं साऱ्या कोलकात्याला ठाऊक आहेत. आम्हालाच तेवढी कोणी सांगितली नाहीत."

मग तिने खरा प्रश्न विचारला. नाही म्हटले तर पोरांना दवाखान्यात औषध मिळेल ना? तनिमाने मिळेल म्हणून सांगितले, आणि न विचारता आणखी एक गोष्ट कबूल केली: जे सापडेल ते दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी इथे, याच खोलीत, याच बायकांना सांगितले जाईल. त्यांना ते बरोबर वाटले तरच पुढे जाईल.

मग शेफाली म्हणाली, "म्हणजे वाटी रिकामी परत येणार नाही."

हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शेजारणीने वाटीभर काही पाठवले तर वाटी धुऊन तशीच परत करायची नाही; निदान चिमूटभर साखर तरी घालायची. माझी आई हेच करी. दर संक्रांतीला मी शेफालीकडे वाटीतून तिळाचे लाडू पाठवते आणि तीच वाटी पाटिशाप्टा घेऊन परत येते, नारळ-गुळाचे सारण भरलेली तांदळाच्या धिरड्याची घडी. माहितीलाही हाच नियम लागू करणारी बाई मी प्रथमच पाहत होते. संशोधनाच्या नीतीवर मोठमोठी व्याख्याने होत असतील. त्यांचे सार त्या वाटीत मावले होते.

पेटी आली. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी, आत बारीक पंखा, बाहेर हिरवा दिवा. तिला हलवायचे नाही, झाकायचे नाही, धक्का लावायचा नाही, अशा तनिमाच्या सूचना ऐकून मिनतीने विचारले की हिला जेवायला काय लागते. त्याच दिवशी पेटीचे नाव पडले: जामाई. जामाई म्हणजे जावई. मान सांभाळायचा, आवाज चढवायचा नाही, आणि दोन दिवसांत निरोप द्यायचा. पेटी एका घरातून दुसऱ्या घरात जाई तेव्हा बायका दारातून विचारत, जामाई जेवून निघाला का? एका घरात तर पेटीवर भरतकामाचा रुमाल घातलेला सापडला, डास चावू नयेत म्हणून. तो तनिमाने हळूच काढून घडी करून दिला.

तो हिवाळा माझ्या आठवणीत असा तुकड्यातुकड्यांनी आहे. दुपारच्या उन्हात वाळत घातलेल्या गोधड्या. लोकल गेली की थरथरणारी पत्र्याची भिंत. नळीत फुंकायला रांगेत उभी राहिलेली मुले आणि गाल फुगवून, डोळे मिटून, सारा जीव ओतणारी माम्पी. नळीतला काटा जेमतेम हलला तरी सगळ्यांनी वाजवलेल्या टाळ्या. शेफालीकडे पेटी होती त्या संध्याकाळी मी सहज डोकावले होते. खोली सारवल्यासारखी स्वच्छ, पलंगावर ठेवणीतली चादर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी उंच फळीवर हिरवा दिवा लुकलुकतो आहे. शेफाली मिनतीच्या दारात बसून वाटाणे ढवळत होती. मी ते पाहिले, आणि किती छान शेजार आहे हा, असे म्हणत घरी आले.

थंडी ओसरू लागली तेव्हा पुन्हा क्लबात बैठक भरली. संध्याकाळच्या शिकवणीचा फळा मी मागून घेतला होता. तनिमाने आकडे दिले आणि मी रेघ काढली. एका बाजूला शहरातल्या रस्त्यांवरची हवा, एका बाजूला गल्लीतल्या घरांची. घरांची रेघ इतकी खाली होती की मी खडू थांबवून तनिमाकडे पाहिले. तिने मान हलवली. आकडे तसेच होते.

तनिमाने शांतपणे सांगितले की घरातला धूर अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. ही चांगली बातमी आहे. माम्पीसारख्या मुलांच्या छातीचे कारण आता धुरात न शोधता दुसरीकडे शोधावे लागेल, आणि धुराचा अभ्यास पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या वस्तीत जाईल.

बायका खूश झाल्या. आपल्या घराची तारीफ कोणाला आवडत नाही? मिनती म्हणाली, "आमची गल्ली दार्जिलिंग झाली गं. आता भाडं वाढवा." सगळ्या हसल्या. शेफाली हसली नाही. माम्पी माकडटोपी घालून तिच्या मांडीवर पेंगत होती, आणि हसणे ओसरल्यावर त्या खोलीत तिच्या छातीतली शिट्टी सर्वांना ऐकू आली.

शेफाली म्हणाली, "डॉक्टरदिदी, जामाई माझ्याकडे होता तेव्हा माझी चूल मिनतीदीच्या दारात होती."

मिनतीने तिच्या दंडाला चिमटा काढला. तो मी पाहिला. "गप्प बस. चूल बंद करायला सांगतील. मग काय विकशील, कच्चे वाटाणे?"

ही धमकी खोटी नव्हती, म्हणूनच शेफालीच्या बोलण्याला किंमत होती. त्या चुलीवर घर चालत होते, आणि आपल्या हाताने ती लेकीच्या दुखण्याशी जोडणे म्हणजे स्वतःवरच बोट ठेवणे होते. वर पाहुण्यासमोर घर नीट दिसावे ही तिची अब्रू. तीही त्या फळ्यावर उभी होती, सर्वांत खालच्या रेघेच्या रूपाने. तिने दोन्ही पणाला लावले.

"सांगितलं तर सांगू दे, मिनतीदी," ती म्हणाली. "ही शिट्टी मी रोज ऐकते. फळ्याचा काय दोष? आपण दाखवलं ते त्याने लिहिलं. आता हे लोक दुसऱ्या गल्लीत जातील, आणि माझ्या पोरीला काय झालंय ते मला कधीच कळणार नाही."

मिनती काही वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे जामाई आला तेव्हा माझी चूल हिच्या दारात होती. जावयाच्या तोंडावर धूर कोण सोडतं?" त्यानंतर एकेकीने सांगितले. कोणी गॅसवर भात केला होता, कोणी बहिणीकडे जेवायला गेली होती, कोणी खिडकी उघडी टाकून मुलांना गारठवले होते. कुणालाही फसवायचे नव्हते. सगळ्यांनी मिळून एका पेटीचा पाहुणचार केला होता.

मला तनिमाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे, पण त्या क्षणाइतके कधी वाटले नाही. तिच्या साऱ्या हिवाळ्याची मेहनत त्या तीन-चार वाक्यांत वाहून गेली होती. तिने डस्टर घेतले आणि माझी ती सुरेख सपाट रेघ स्वतः पुसली. मग खुर्ची सोडून चटईवर बायकांच्यात जाऊन बसली आणि विचारले, "मग आता कसं करायचं, तुम्ही सांगा."

एखादा प्रयोग चुकला हे कळायला तो ज्यांच्यावर केला त्यांच्याकडे परत जावे लागते. तनिमा परत आली नसती तर ती सपाट रेघ कुठेतरी छापली गेली असती, आणि गरिबांच्या घरात धूर नसतो हे एक सत्य म्हणून शिकवले गेले असते. मीच शिकवले असते कदाचित.

पेटी कुठे ठेवावी यावर बराच खल झाला. शेवटी मिनतीनेच निकाल दिला. "जावई म्हणून आणलात तर असंच होणार. तिला सून म्हणून आणा. सुनेसाठी कोणी चूल हलवत नाही."

पुन्हा हसू उसळले. मग ते मधेच कुठेतरी विरले. त्या खोलीतली प्रत्येक बाई कधी ना कधी सून म्हणून त्या गल्लीत आली होती आणि चुलीशी बसवली गेली होती. मिनती स्वतःच्या वाक्याकडे थोडी चकित होऊन पाहत असावी तशी बसली होती.

वरिष्ठांना पुन्हा मोजायला राजी करणे तनिमाला सोपे गेले नाही, एवढे मला ठाऊक आहे. तपशील तिने सांगितले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पेटी आली ती बौमा, म्हणजे सूनबाई, होऊन. तिच्यासाठी कोणी चादर बदलली नाही. जागा बायकांनी ठरवली: उंच फळीवरून खाली उतरवून, चुलीजवळ, माम्पी पाटी-पुस्तक घेऊन बसते त्या उंचीवर. वाटाणे रटरटत होते, कोळसा धुमसत होता, आणि हिरवा दिवा त्यातून दिसेनासा होई. या खेपेला मी फळ्यावर रेघ काढली तेव्हा हात उंच करून, टाचा उचलून काढावी लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेफालीने माम्पीला जवळ ओढले आणि एवढेच म्हणाली, "आता कळलं."

चुली बंद करा असे कोणी सांगितले नाही. तसे सांगणे सोपे होते आणि निरुपयोगी होते. त्या बायकांनीच क्लबाकडे गल्लीच्या टोकाची रिकामी जागा मागितली, आणि वर पत्रा, तिन्ही बाजू मोकळ्या, अशी सामायिक चुलीची जागा उभी राहिली. तिथे आता भांडणेही भरपूर होतात; कोणाची चूल वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, यावरून मिनती आणि शेफाली दोन दिवस बोलत नव्हत्या. माम्पीला दवाखान्यातून श्वासाचा पंप मिळाला आणि तो कसा ओढायचा ते तिने मलाच शिकवले. शिट्टी गेली का? शेफाली म्हणते, कमी झाली. पत्र्याच्या छपराने किती कमी झाली आणि पंपाने किती, हे तनिमाला अजून सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही असे ती सांगते. माझ्या शिकवण्याचे काही फळ असेल तर ते हे.

मी शाळेत होते तेव्हा तपासणीच्या दिवशी सारी शाळा अशीच जावयासाठी सजलेली शाळा होई. घंटा वेळेवर, नकाशे भिंतीवर, गणवेशाला इस्त्री. अधिकारी खूश होऊन जात आणि आमची गळकी खोली पुढच्या वर्षीही गळत राही. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन दिवस आमचे यजमान लोणचे सोडतात. परवा त्यांना म्हटले, अहो, हे तर शेफालीच्या चुलीसारखे झाले. त्यांनी माकडटोपी कानावर ओढली आणि म्हणाले, "डॉक्टर जावई आहे की सून, ते आधी ठरव."

आज संक्रांत आहे. हे लिहिता लिहिता दाराची घंटा वाजली. माम्पी आली होती, जिना चढून, एका दमात. सकाळी पाठवलेली वाटी तिने पुढे केली. पाटिशाप्टा अजून कोमट होत्या. मी कान देऊन ऐकले. तिचा श्वास मला ऐकू आला, शिट्टी आली नाही. पण माझे कान आता म्हातारे आहेत आणि माझी इच्छा मोठी आहे, तेव्हा या साक्षीवर विसंबू नका.

माझ्या उत्तरावरही विसंबू नका. तुमच्या घरी कोणी काही मोजायला, तपासायला, विचारायला येणार असेल, तर ते येण्याआधी तुम्ही काय उचलून शेजारच्या दारात ठेवता, ते एकदा तुमचे तुम्हीच पाहा.